पदरातली बाजरी

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर पुणतांब्यात दारोदारी अनोळखी माणसं दिसायला लागली. वरच्या माळाकडची, कोरडवाहू गावांची. मागायची सवय नव्हती त्यांना. दारात येऊन नुसती उभी राहायची, आणि घरातल्या कुणाची नजर गेली की आपली नजर खाली घालायची.

मालनबाईच्या मळ्यातली विहीर अजून तग धरून होती. विहिरीच्या पाण्यावर थोडी बाजरी हाती लागली होती. घरचं भागवून चार ओंजळी देता येतील एवढीच. सोमवारी, बाजाराच्या दिवशी, ती ओट्यावर सूप घेऊन बसायची आणि येईल त्या बाईच्या पदरात ओंजळभर बाजरी घालायची. नवरा एकदाच म्हणाला, "हात जरा आखडता घे. पुढचं साल कुनी पाह्यलंय?" मालनबाईनं मान हलवली, पण ओंजळ लहान केली नाही. दिल्यावर तिला बरं वाटायचं. संध्याकाळी स्वतःची भाकरी गोड लागायची.

एका सोमवारी तोंडावर पदर ओढलेली एक बाई पुढं आली. तिनं पदराचं टोक पसरलं. बाजरी घालता घालता मालनबाईचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडं गेलं. करंगळीचं टोक नव्हतं.

ही करंगळी मालनबाईच्या डोळ्यांदेखत तुटली होती. माहेरी गुऱ्हाळात खेळताना आक्काचा हात चरकात गेला होता, आणि बैल थांबवायला ओरडत धावली होती ती मालनच. आक्काबाई, तिची लहानपणची मैत्रीण! दोघींची लग्नं एकाच मांडवात झालेली. आक्काला घर चांगलं मिळालं होतं. दोन बैलजोड्या, दावणीला म्हशी. सगळ्या पोरींमध्ये तिचंच नशीब थोर, असं तेव्हा गाव म्हणायचं.

पदराआडचे डोळे क्षणभर वर आले आणि पुन्हा खाली गेले. मालनबाईनं तिचं नाव घेतलं नाही. ओंजळ मात्र तिनं दोनदा भरली.

पुढं तीन सोमवार असंच चाललं. आक्काबाई यायची, दोघी एकमेकींना ओळखत नसल्यासारखं करायच्या, दोन ओंजळी पदरात पडायच्या. एवढं मोठं गुपित पोटात ठेवून मालनबाई आठवडाभर वावरायची. तिला आक्काची दया यायची आणि, खरं सांगायचं तर, स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं. आपण किती जपतोय हिची लाज!

हे कौतुकच नडलं. एका दुपारी सून रतन म्हणाली, "आत्याबाई, त्या बाईला दोन ओंजळी कामून घालता? बाकीच्या बघत्यात." मालनबाईला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. करंगळी, बैलजोड्या, एकाच मांडवातलं लग्न. शेवटी म्हणाली, "मी वळखलं हे तिला कळू दिलं न्हाई मी. तू पन बोलू नगंस कुठं."

रतन फक्त शेजारच्या भीमाबाईजवळ बोलली.

सोमवारी आक्काबाई रांगेत उभी असताना भीमाबाई समोरून आली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. कळवळ्यानंच ती मोठ्यानं म्हणाली, "आवं, तुमी मालनबाईच्या मैतरीन न्हवं का? दोन बैलजोड्या हुत्या म्हनं तुमच्या! काय ही येळ आली माय!"

रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. मालनबाईची ओंजळ तोवर आक्काबाईच्या पदरात रिकामी झाली होती. आक्काबाई जागची हलली नाही. मग तिनं पदर सुपावर धरला आणि दाणा न् दाणा परत ओतला. पदर झटकला. ती रस्त्याला लागली.

"आक्के!" मालनबाईनं हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मालनबाईचं अन्नावरचं मन उडालं. रतन रडली, पाया पडली. तिला काय बोलणार? तोंड आधी कुणाचं सुटलं होतं?

पंधरा दिवसांनी कळलं, की आक्काबाई दुष्काळी कामावर जाते. दोन-अडीच कोसांवर रस्त्याचं काम निघालं होतं. मालनबाईनं बाजरीचं गाठोडं बांधलं आणि उन्हातून चालत गेली.

माळावर शंभरएक माणसं खडी फोडत होती. आक्काबाई एका म्हातारीशेजारी बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मालनबाई समोर जाऊन उभी राहिली तरी तिचा हातोडा थांबला नाही.

"आक्के, चुकलं माझं. मी सुनंला बोलले."

"बस. उन्हातून आलीयास."

मालनबाई टेकली. गाठोडं पुढं सरकवून म्हणाली, "घरी पोरं असत्याल. त्यांच्यासाठी तरी घे."

"तुझ्या दारात मी येत हुते, कारन तिथं मला नाव नव्हतं," आक्काबाई शांतपणे म्हणाली. "तू वळखलंयस हे मला पहिल्याच दिशी कळलं हुतं. वाटलं, मालन हाय, पोटात ठेवील. आता माझ्या सासरच्या गावापतुर गेलंय ते. मालक बोलत न्हाईत माझ्याशी."

आक्काबाईनं शेजारचं फडकं सोडलं. आत मिलोची, त्या लाल परदेशी ज्वारीची, एकच भाकरी होती, कडा चिरलेली. तिनं ती मधोमध मोडली आणि अर्धी पुढं केली.

"खा."

"नगं गं. तुला दिसभर..."

"का? माझ्या हातचं चालत न्हाई?"

मालनबाईनं भाकरी घेतली. कोरडी, कडवट. एकेक घास ती पाण्याशिवाय गिळत होती, आणि आक्काबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. शेवटचा तुकडा संपेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "आता हे बी सांग जा गावात."

शेजारच्या म्हातारीनं हातोडा खाली ठेवला. पदर पसरून म्हणाली, "तिला नगं आसंल तर मला घाल बाई. मला कसली बी लाज न्हाई."

मालनबाईनं आक्काबाईकडं पाहिलं. तिनं मान फिरवली होती. मालनबाईनं गाठोडं सोडलं आणि सगळी बाजरी म्हातारीच्या पदरात ओतली. म्हातारी तोंडभर आशीर्वाद देत होती. मालनबाईला त्यातला एकही ऐकवेना. ती उठली तेव्हा आक्काबाई पुन्हा खडी फोडू लागली होती.

घरी पोचली तेव्हा रतन दारातच उभी होती. भीमाबाईही ओट्यावर येऊन बसलेली. रतननं घाईनं तांब्या पुढं केला.

"भेटल्या का हो त्या, आत्याबाई? काय म्हनल्या?"

मालनबाईनं पाण्यानं चूळ भरली. दोघी तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"न्हाई," ती म्हणाली. "तिथं आपल्या वळखीचं कुनीच न्हवतं."