नंदाबाईच्या सुपातले परदेशी पिस्ते

मी एक जुनं सूप आहे, मित्रांनो. आमगावजवळच्या एका घरात सध्या खिळ्याला लटकलेलं असतं. माझ्याखाली मिक्सर ठेवलाय. तो दिवसातून दोनदा ओरडतो आणि त्याचं कौतुक होतं. आमच्या काळी काम करणारे एवढा गवगवा करत नसत.

१९९९ साली सालेकशाच्या उदाराम बुरडाने मला विणलं. आमगावच्या बाजारात नंदाबाईने मला उचलून उजेडासमोर धरलं. "हे सूप होय का चाळणी? आरपार दिसून राहिलं!"

"मावशी, सारवून घेतलं का मुंगी बी जात नाही," उदाराम म्हणाला.

तेव्हापासून मी या घरचं. काय दिवस होते ते! नंदाबाई ओसरीवर बसायची, मला दोन झटके द्यायची, मग हळूच एक फुंकर. कोंडा अंगणात, तांदूळ माझ्या पोटात. शेजारची धुरपताबाई स्वतःचे तांदूळ घेऊन यायची, म्हणायची, "तुया हाताले जादू हाये वो." जादूत माझाही वाटा होता, पण सुपाला कोण विचारतं?

आमचा मुलूख धानाचा. धान भिजलं की ऊन दाखवायचं, पाखडायचं, कोठीत भरायचं. ऊन आणि मी मिळून या घरचा दवाखानाच होतो. धान्याचा कुठलाही रोग आमच्याकडे बरा होतो, असा नंदाबाईचा ठाम विश्वास होता. माझाही होता.

मग २०११ साली लेक रविता बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या लाडवांसाठी तिचे वडील श्यामलाल यांनी आषाढातच गोंदियाहून पिस्ते आणून ठेवले होते. "बाहेर देशचा माल हाये," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पिस्ते जहाजातून आले, कुठल्याशा दमट गोदामात पडून राहिले, आणि मग श्यामलालांनी ते प्लॅस्टिकच्या पन्नीत गच्च बांधून डब्यात कोंडले, कुणी खाऊ नये म्हणून. कुणी खाल्ले नाहीत. बुरशीने मात्र आमंत्रणाची वाट पाहिली नाही. बाळ झाल्यावर डबा उघडला, तर पिस्त्यांवर हिरवट-राखाडी लव.

परदेशी पाहुणे फेकायचे कसे? नंदाबाईने त्यांना छतावर ऊन दाखवलं, फडक्याने पुसलं आणि माझ्यात घालून पाखडलं. हिरवी धूळ उडाली. पिस्ते पुन्हा देखणे झाले. तुपात भाजून, गूळ घालून लाडू वळले.

पहिला लाडू रविताने तोंडात घातला आणि थांबली. "माय, कडू लागते वो."

"तोंडाची चव गेली तुयी. खा चुपचाप."

तेव्हा घरी तपासायला आलेल्या अनुसयाबाई नर्स बाळाचं वजन करत होत्या. "थुंक आधी," त्या रविताला म्हणाल्या. मग लाडू फोडून वास घेतला. "काकू, पिस्ते कसे होते?"

नंदाबाईने अभिमानाने सगळी कृती सांगितली. ऊन, फडकं, सूप, तूप, काहीच गाळलं नाही.

"बुरशी पुसल्या जाते, काकू. तिचं विष दाण्याच्या आत राहते. उन्हानं जात नाही, भाजून जात नाही. आज काही दिसणार नाही, पण असं पोटात जात राहिलं तर लिव्हर खराब होते. आईच्या दुधातून बाळाले बी जाते."

"पण बाहेर देशचा माल हाये, बाई," श्यामलाल म्हणाले.

"बुरशीले पासपोर्ट लागत नाही, भाऊ."

"मी काय माह्या लेकीले विष देऊन राहिली?" नंदाबाईने लाडवांचं ताट स्वतःकडे ओढलं.

"यात विष हायेच, असं मी डोळ्यानं सांगू शकत नाही. नाही, असं तुमी सांगू शकता काय?"

नंदाबाईने एक लाडू नाकाशी नेला. मग म्हणाली, "बरं, म्हशीले घालतो."

"दूध तिचंच पिता ना?"

बाळ भुकेने रडू लागलं. रविताने त्याला पदराखाली घेतलं आणि आईकडे पाहत राहिली. नंदाबाईने ताटातले सगळे लाडू माझ्यात ओतले, परसात गेली आणि स्वतः खड्डा खणला.

कुंपणापलीकडून धुरपताबाई ओरडली, "काऊन वो, लाडू पुरून राहिली?"

"हो. झाड येईन," नंदाबाई म्हणाली, आणि वरून माती लोटली.

संध्याकाळी तिने ताज्या जवसाचे लाडू वळले. परदेशी काही नाही, दिसायला काळेच. रविताने दोन खाल्ले आणि तिसरा मागितला.

मित्रांनो, मी कोंडा उडवू शकतं, खडा दाखवू शकतं. दाण्याच्या आत काय शिरलंय, ते मला कळत नाही. तेव्हा धान्य, दाणे, सुकामेवा कोरड्या जागी ठेवा. बुरशी दिसली, कुबट वास आला, दाणा कडू लागला, तर पुसत बसू नका, फेकून द्या. मग तो सातासमुद्रापलीकडून आलेला का असेना.

नंदाबाई अजून सणासुदीला मला खाली काढते. पण पाखडण्याआधी मूठभर दाणे नाकाशी नेते आणि मला म्हणते, "थांब जरा. तुले यातलं काही समजत नाही."

मी थांबतं.