शिवबाईंच्या रेडिओतला वॉल्व्ह

मित्रांनो, मी रेडिओचा एक जुना वॉल्व्ह आहे. काचेचा, अंगठ्याएवढा, पोटात बारीक तार. वीज आली की ती लालसर उजळते आणि हवेतून आलेला क्षीण आवाज आमच्यातून मोठा होऊन बाहेर पडतो.

माझी उमेदीची वर्षं लष्कराच्या एका सेटमध्ये सरली. तिथे मी हाका ऐकल्या, आणि उत्तर न आलेल्या हाकाही. मग मोडीत निघालो, पोत्यात पडलो आणि सोलापुरात रेवणप्पांच्या दुकानी आलो. तिथून माल टपालानं, व्ही.पी.ने गावोगाव जाई. तपासून चांगल्या निघालेल्या मालावर रेवणप्पा भस्माचं बोट ओढत. बाकीचा कोराच पडून राही.

एकाहत्तरच्या खंडेनवमीला त्यांच्या बायकोनं, दानम्मानं, पूजेत सगळ्या दुकानालाच भस्म लावलं. मलाही.

"अगं, तपासलेलं कुठलं न् मेलेलं कुठलं, आता कळायचं कसं?" रेवणप्पा ओरडले.

"देवाला असला भेदभाव न्हाय!"

"देवाला नसंल, गिऱ्हाइकाला हाय की!"

त्यांनी माल पुन्हा तपासला. कोपऱ्यातली आमची पेटी तेवढी राहून गेली.

डिसेंबरात युद्ध पेटलं. केम गावच्या शिवबाईंचं कार्ड आलं. रेडिओ मुका झालाय, मुलगा ज्ञानू आघाडीवर आहे, रविवारी सकाळी रेडिओवर जवानांच्या निरोपांत त्याचा आवाज लागणार आहे, वॉल्व्ह लवकर पाठवा. घाईत रेवणप्पांच्या हाती मी लागलो. त्यांनी भस्म पाहिलं, मला कापसात गुंडाळलं, पाठवलं.

रविवारी शिवबाईंच्या रेडिओत माझी तार उजळली. "दिवा लागला की गं बाई! आता बोलंल माझं लेकरू," म्हणत शिवबाई पदर सारखा करून पुढ्यात बसल्या. मी जळत राहिलो. आवाज पुढे सरकेना. ऊन उंबरा ओलांडून आत आलं, तरी त्या उठल्या नाहीत.

तिकडे दुकानात त्या पेटीतले बाकीचे वॉल्व्ह मेलेले निघाले आणि रेवणप्पा चरकले. चांगला वॉल्व्ह खिशात घालून रेल्वेनं केमला आले. तोवर ज्ञानू लढाईत पडल्याची बातमी येऊन गेली होती.

"अव्वा, चुकलं माझं. हा बसवतो, लगेच बोलंल."

"नगं, दादा. आता बोललं तर दुसऱ्याचंच बोलंल की."

शिवबाई अजून रोज सकाळी खटका दाबतात, मुक्या रेडिओपुढे बसतात. मित्रांनो, कुणाच्या घरी वस्तू पाठवाल, तर आधी एकदा लावून, ऐकून पाहा. तिच्यापुढे कोण बसणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. त्या रविवारी ज्ञानूचा आवाज माझ्यापर्यंत आला होता. काचेबाहेर तो गेलाच नाही. मी उजळलो की तो माझ्यात पुन्हा विचारतो, "आये, जेवलीस का?"