सोफेवाल्यांच्या घरातली कडक सायकल

मित्रांनो, निवड शर्यतीत आमच्या भिंगरीला संघातली जागा मिळाली आणि तेव्हा तिच्याखाली मी नव्हते, दुसरी सायकल होती.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलं नाही. शर्यत अजून व्हायची आहे, मी भिंतीला टेकून उभी आहे, माझ्या दोन्ही टायरांत हवा आहे आणि जगात माझ्यासारखी सायकल दुसरी नाही. इथून सुरुवात करू.

मी एक जुनी माउंटन बाइक आहे. माझ्या जातीला हार्डटेल म्हणतात. म्हणजे पुढच्या चाकाला धक्के शोषणारा शॉक असतो आणि मागच्या चाकाला काहीच नसतं. पुढून मी गादी, मागून मी बाकडं. वाटेत दगड आला की माझं पुढचं चाक तो गिळतं आणि मागचं चाक तो स्वाराच्या कंबरेला कळवतं. माझ्या स्वभावात लपवाछपवी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातलं मला एवढंच आठवतं, की माझ्या मागच्या सांध्याचं वेल्डिंग चालू असताना कुणीतरी शिंकलं. तिथे अजून एक फुगवटा आहे. तपासणीच्या साहेबांनी तो बोटाने चाचपला आणि "चालेल" म्हणाले. ही माझ्या आयुष्यातली पहिली स्तुती. पुढे बऱ्याच दिवसांनी दुसरी झाली.

मी ज्या घरात आले तिथे खाली सोफ्यांचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या होत्या. भिंगरी ही घरातली मुलगी. लहानपणी ती कुठेच स्थिर बसायची नाही म्हणून हे नाव पडलं. ज्या घराचा धंदाच लोकांना बसवण्याचा, त्या घरात अशी मुलगी जन्मावी, याबद्दल तिच्या बाबांनी कधी तक्रार केली नाही. बाबांना गल्लीत सगळे सोफेवाले म्हणत. त्यांचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: बसलं की खचतं, ते आपलं नाही. त्यांच्या हातून गेलेला एकही सोफा खचला म्हणून परत आला नव्हता. रोज कारखाना बंद करायच्या आधी ते प्रत्येक सोफा तळहाताने दाबून बघत आणि मगच दिवा मालवत.

बाबांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आत्यांना, कारखान्यात एकच काम होतं. बसणं. सोफा तयार झाला की आत्या त्यावर बसायच्या, चहा प्यायच्या, उठायच्या आणि मागे वळून बघायच्या. मग "पास" किंवा "नापास". नापास सोफा पुन्हा उसवला जाई. आत्यांच्या निकालावर अपील नव्हतं.

माझी उमेदीची वर्षं चांगली गेली. गावाबाहेरच्या टेकडीवर भिंगरी मला घेऊन जायची आणि आम्ही चढावर भल्याभल्यांना मागे टाकायचो. मी हलकी. पायातला जोर माझ्यात कुठे मुरत नाही, सरळ चाकात जातो. वजन आणखी कमी व्हावं म्हणून माझं स्टँड काढलं, मागचा लाल दिवा काढला, शेवटी घंटीही काढली. बाबांनी कौतुकाने माझ्या सीटला उरलेल्या मखमलीचं कव्हर शिवलं आणि त्याला सोफ्यासारखी बटणं लावली. एका शर्यतीत मी ते घालून उतरले. पंच बराच वेळ माझ्याकडे बघत होते. नियमात त्याविरुद्ध काही सापडलं नाही.

मग ते वर्ष आलं. भिंगरीला सायकलिंग शिकवणारे सर एका दुपारी कारखान्यात आले आणि म्हणाले, "संघात एकच जागा उरलीये. निवड शर्यतीत जी पुढे येईल तिची. आणि तुझं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तू मोठ्या बायकांच्या गटात जाशील, तिथे परत पहिल्यापासून सुरुवात."

"म्हणजे यंदा नाही तर..."

"तर बघू. पण यंदाच."

त्या दिवसापासून भिंगरी जेवताना बोलेनाशी झाली. आत्यांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप नसल्याची खात्री करून घेतली.

सरांनी येताना क्लबची एक सायकल आणली होती. तिला पुढेही शॉक आणि मागेही शॉक. फुल सस्पेन्शन. दिसायला माझ्यासारखीच, पण मधोमध एक जाडसर नळकांडं, तोच तिचा हवेवर चालणारा मागचा शॉक. मला तिच्याबद्दल काही वाटलं नाही. माझ्या शेजारची जागा तिला दिली, तेव्हाही काही वाटलं नाही. माझं पुढचं चाक आपोआप भिंतीकडे वळलं, ते उतारामुळे.

"जड आहे ही, सर," भिंगरी तिला उचलून म्हणाली.

"आहेच. पण मागचं चाक जमीन सोडत नाही. नव्या मार्गावर चढातच झाडांची मुळं आहेत, तिथे कळेल. मार्ग गुळगुळीत असता तर मी हिला आणलीच नसती, तुझी हार्डटेलच बरी होती. दोन्ही चालव आणि तूच ठरव. शर्यतीला एकच."

नळकांड्याच्या दांडीवर एक रबरी कडं होतं. सरांनी भिंगरीला हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली अशा सगळ्या तयारीनिशी सीटवर बसवलं. सायकल थोडी खाली गेली, कडं थोडं सरकलं. सरांनी छोट्या पंपाने नळकांड्यातली हवा कमीजास्त केली. "झालं. आता हवेला हात लावायचा नाही," असं बजावून आणि पंप भिंगरीच्या पिशवीत ठेवून ते गेले. भिंगरी आज्ञाधारक. तिने हात लावला नाही. बाबा तेव्हा फोमचे गठ्ठे उतरवून घेत होते. त्यांना कुणी काही बजावलं नाही.

दिवे मालवायच्या आधी बाबांनी नेहमीसारखे सोफे दाबले. जाता जाता नव्या सायकलचं सीटही दाबलं. ते खाली गेलं.

बाबांचा चेहरा उतरला. "अरेरे," ते म्हणाले. "क्लबची वस्तू. दहाजणांनी वापरून खचवून टाकली." मग त्यांनी भिंगरीच्या पिशवीतून छोटा पंप काढला आणि सीट हूं की चूं करेनासं होईपर्यंत हवा भरली. सायकलला थोपटलं. दुसऱ्या दिवशीही भरली. हवा काही कमी झाली नव्हती, पण त्यांच्यात पाहुण्याला आग्रह करायची रीत होती.

मी हे सगळं बघत होते. सांगायची सोय नव्हती, कारण घंटी वजनासाठी काढलेली. आणि असती तरी ट्रिंग या शब्दातून 'मागच्या शॉकमध्ये हवा जास्त झाली आहे' एवढा अर्थ कुणी काढला असता?

मग चाचण्या सुरू झाल्या. भिंगरी एकदा मला चालवायची, एकदा तिला. सर खाली घड्याळ घेऊन उभे. मुळांच्या चढावर नवी सायकल तापल्या तव्यावरच्या थेंबासारखी नाचायची. मागचं चाक उडायचं, घसरायचं, भिंगरीला पाय टेकावा लागायचा.

"सर, ही उड्या मारते."

"सवय नाही अजून. शॉकची हवा मी स्वतः बघितलीये." एकदा बघितलेली गोष्ट सर पुन्हा बघत नसत. वेळ वाचवणं हा त्यांचा व्यवसायच होता.

माझ्यावरही कंबर हादरायचीच, पण मी निदान हलकी होते. दर वेळी मीच लवकर वर पोचायचे. शेवटी भिंगरीने कारखान्यात जाहीर केलं, "ठरलं. हार्डटेलच." आणि शर्यतीचा नंबर असलेली पाटी माझ्या हँडलला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. बाबा म्हणाले, "आपली वस्तू ती आपली वस्तू." ही माझी दुसरी स्तुती. भिंगरी मात्र पाटी बांधून झाल्यावर कंबर धरून बराच वेळ वाकलेली होती.

शर्यतीच्या आदल्या दुपारी क्लबची सायकल परत द्यायची म्हणून पुसून टेबलाला टेकवून ठेवली होती. नेमकी त्याच दिवशी एका हॉलची मोठी ऑर्डर गेली, आणि सोफ्यांच्या कारखान्यात बसायला एकही जागा उरली नाही. आत्या चहाचा कप घेऊन खाली आल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि टेबलाचा आधार घेऊन सरळ नव्या सायकलवर बसल्या.

आत्यांच्या वजनाची चर्चा घरात होत नाही. एवढंच सांगते, की मी श्वास रोखला.

काहीच झालं नाही. सीट जागचं हललं नाही. आत्यांनी चहा संपवला, उतरल्या, मागे वळून बघितलं.

"नापास."

"आत्या, सोफा नाहीये तो," भिंगरी म्हणाली.

"ते दिसतंय मला, कार्टे. पण हिच्या पोटात स्प्रिंग आहे म्हणालीस ना? कुठे आहे ती? मी बसले त्याचा हिला पत्ताच नाही."

भिंगरी खाली वाकली. रबरी कडं होतं तिथेच होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, हिच्यात हवा कुणी भरली?"

"मी," बाबा छाती काढून म्हणाले. "रोज भरतो. खचत होती गं."

"बाबा!"

"बाबा काय? बसलं की खाली जात होती. अशी वस्तू घरात ठेवून झोप लागेल का माणसाला?"

"अरे, काय केलंस हे!" आत्यांनी कप टेबलावर आपटला. "दबणं निराळं आणि खचणं निराळं. बसलं की खाली जातो आणि उठलं की वर येतो, तो सोफा. खालीच राहतो, तो खचलेला. आणि मुळात जातच नाही, तो ओटा! मी इतकी वर्षं काय ओट्यांना पास करतेय?"

पोरीची वर्षभराची मेहनत आणि तिची ती एकच जागा आपण रोज संध्याकाळी पंपाने हवा भरून घालवत होतो, हे बाबांना सावकाश कळत गेलं. ते खाली बसायला गेले. बसायला काही नव्हतं. ते उभेच राहिले.

भिंगरीने सरांना फोन लावला. पलीकडून आधी बरंच काही, मग सूचना. ती पंप घ्यायला गेली तर बाबा म्हणाले, "थांब. मी भरलीये, मीच सोडतो."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि हवा सोडली. फुस्स झालं. "आजवर माझ्या हातून खाली जाणारी वस्तू बाहेर गेली नाही, ताई," ते आत्यांना म्हणाले.

"मग आज जाऊ दे."

भिंगरी हेल्मेट, बूट घालून सीटवर बसली. सायकल खाली गेली. बाबांनी डोळे मिटले.

"उतर," आत्या म्हणाल्या. भिंगरी उतरली.

"आली का वर?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"आली."

"परत बस."

हे बरेचदा झालं. शेवटी ते डोळे उघडे ठेवून बघू शकले.

उजेड होता तोवर भिंगरी तिला टेकडीवर नेऊन आली. आल्या आल्या कात्री घेतली, माझ्या हँडलवरच्या पट्ट्या कापल्या आणि नंबराची पाटी तिकडे बांधली. मी पुन्हा भिंतीकडे बघू लागले. या वेळी उतार नव्हता.

शर्यतीला मी गेले होते, राखीव म्हणून. सोफे पोचवायच्या टेम्पोत, सोफ्याच्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून मला आणलं आणि कुंपणाला उभं केलं. पहिल्या चढावर गावातल्या दातांच्या डॉक्टरांची मुलगी सगळ्यांच्या पुढे होती, आणि ती हार्डटेलवर होती. मी हे मुद्दाम सांगते आहे. चढ गुळगुळीत होता तोवर तिला कुणी हात लावू शकलं नाही. मग मुळं सुरू झाली. तिचं मागचं चाक उडायला लागलं, ती सीटवरून उठली, तोल गेला, पाय टेकला. भिंगरी मात्र सीटवर बसल्या बसल्या पायडल मारत त्याच मुळांवरून वर गेली.

बाबा तिथेच कुंपणाशी उभे होते. ते भिंगरीकडे बघत नव्हते, मागच्या चाकाकडे बघत होते आणि ओरडत होते, "गेली! ...आली! गेली! ...आली!" बाजूच्या पालकांना वाटलं, ही उत्तेजन द्यायची नवीन पद्धत असावी. त्यांनीही सूर धरला. शेवटच्या फेरीला अख्खं कुंपण प्रत्येक मुलीला "गेली! आली!" ओरडत होतं. पंचांनी एकदा खरंच कुणी पडलं का म्हणून येऊन बघितलं.

जागा भिंगरीला मिळाली. ती बाबांच्या गळ्यात पडली तेव्हा त्यांनी तिला थोपटलं, आणि सवयीने खांदा जरा दाबून बघितला. आत्यांनी दोघांकडे वळून बघितलं आणि "पास" म्हणाल्या.

क्लबने ती सायकल भिंगरीकडेच ठेवली. मी कारखान्यात हुकावर लटकते. माझ्या हँडलला फोमचे गठ्ठे अडकवायची सोय चांगली होते. सर कधी आले तर माझ्याकडे बघून म्हणतात, "गुळगुळीत मार्गाला हीच बरी." सध्या मार्ग गुळगुळीत नसतात.

तेव्हा मित्रांनो, सायकल निवडताना आधी मार्ग बघा, मग सायकल बघा आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांचा धंदा बघा. आणि जुनी सायकल असेल तर तिची निगा राखा. माझा स्वतःचा याबाबतचा अर्ज पुढीलप्रमाणे आहे.

प्रति, शर्यत समिती. विषय: मार्गास गादी बसवण्याबाबत. उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, शर्यतमार्गावरील सर्व मुळे व दगड यांवर उत्तम प्रतीचा फोम बसवून वरून टिकाऊ कापड ताणण्यात यावे, जेणेकरून मागे शॉक नसलेल्या सायकलींना समान संधी मिळेल. काम आमच्या कारखान्यात करून मिळेल. प्रत्येक दगडावर आत्या स्वतः बसून तपासणी करतील. सदर काम पूर्ण होईपर्यंत अर्जदाराच्या हँडलवरील गठ्ठे काढण्यात यावेत आणि आठवड्यातून एकदा चेनला तेल देण्यात यावे. तेलाची बाटली हुकाखालच्या फळीवर उपलब्ध आहे.