न मागितलेलं पत्र

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते हाशिमकडे बघूनच कुणीतरी म्हणून ठेवलं असावं.

एकोणीस वर्षं त्याने आखातात, सनाबिसजवळच्या अमेरिकन वकिलांच्या ऑफिसात काढली. कागद नेणं, शिक्के आणणं, व्हिसासाठी खेपा घालणं. एक कागद कधी इकडचा तिकडे झाला नाही. साहेब होते टॉमस विनफिल्ड, आणि विनफिल्ड म्हणजे काय साधीसुधी माणसं? आजोबा गव्हर्नर, काका सिनेटर, बहीण न्यूयॉर्कात नामांकित वकील, आणि भावाच्या कंपन्या किती ते भावालाच ठाऊक! केबिनच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो होते. हाशिम ते रोज पुसायचा.

त्याच्या लेकीला, सुहाला, अमेरिकेत कायदा शिकायचा होता. विनफिल्डांच्या आजोबांचं नाव लावलेल्या कॉलेजातच. मार्क होते, स्कॉलरशिपही मिळण्यासारखी होती. साहेबांचं शिफारसपत्र तेवढं हवं होतं.

"अब्बा, एकदा विचारा ना. तुम्ही स्वतः विचारा," ती रोज म्हणायची.

हाशिम रोज केबिनपर्यंत जायचा आणि कॉफीचा रिकामा कप उचलून परत यायचा. एवढ्या मोठ्या माणसापुढे तोंड कसं वेंगाडायचं? रत्नागिरीत त्याच्या बापाने कधी कुणापुढे हात पसरला नव्हता. साहेबांनी आपणहून विषय काढला तर गोष्ट वेगळी. अरे, पण साहेबांना काय स्वप्न पडणार होतं? अर्जाची तारीख अगदी तोंडावर आली, तेव्हा झिंज भागातल्या आपल्या घरी येऊन त्याने ठोकून दिलं, "विचारलं गो. बघतो म्हणाले."

सुहाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तारीख गेली. ती मॉलमधल्या एका बँकेत रिसेप्शनला लागली.

वर्षभराने साहेब कायमचे अमेरिकेला निघाले. आता घराण्यातर्फे निवडणूक लढवायची पाळी त्यांची होती. शेवटच्या दिवशी त्यांनी हाशिमला समोरच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसत होता.

"हाशिम, मुलीला पाठवायचं तुझ्या मनात नव्हतं का?"

"कुठे, सर?"

"गेल्या वर्षी तिने मला मेल केला होता. मी तिला कळवलं, पत्र आनंदाने देतो, पण तुझ्या वडलांना एकदा मला येऊन सांगू दे. बापाला डावलून मुलांना शब्द द्यायचा नाही, असा आमच्या आजोबांचा नियम." साहेबांनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. "लिहून ठेवलं होतं. तू आलाच नाहीस. मला वाटलं, बापाची इच्छा नसेल."

"इच्छा होती, सर," एवढंच बोलून हाशिम पाकीट घेऊन उठला. बाहेर जिन्यात बसून मात्र तो रडला. आपलंच पोर आपण आपल्या हाताने बुडवलं! आणि 'बघतो म्हणाले' असं तो छातीठोकपणे सांगत होता, तेव्हा सुहाला सगळं माहीत होतं.

घरी त्याने पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने पत्र वाचलं, सावकाश घडी घातली.

"तुला ठाऊक होतं, तर माझं खोटं तेव्हाच का नाही पकडलंस?"

"कसं पकडणार, अब्बा?" सुहा म्हणाली. "मला भीड वाटली."