अक्काचा भाडेकरू

अक्का माझी थोरली बहीण. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. म्हणजे कुंपणच शेत खातं: राखणीला ठेवलेल्या रक्तातल्या पेशी आपल्याच मज्जातंतूंचं आवरण कुरतडतात. अक्का या आजाराला 'भाडेकरू' म्हणते. पहिल्या खेपेला त्याने तिचा डावा डोळा अधू केला. मग गोळ्या सुरू झाल्या आणि तो गप्प बसला.

मी प्रयोगशाळेत अशा रुग्णांच्या पेशी गोठवून ठेवते, तपासते. औषधाने पेशीतली जनुकं बदलत नाहीत. कोणतं चालू राहायचं नि कोणतं बंद, एवढंच बदलतं. अक्काच्याही नळ्या तिथे आहेत. एक गोळ्यांआधीची, एक वर्षभरानंतरची, एक गेल्या महिन्यातली.

तिन्ही एकदमच वितळवल्या. कोमट पाण्यात नळी हलवत राहायची आणि आत वाटाण्याएवढा बर्फ उरला की काढायची. निकाल आला तेव्हा मधल्या पेशी शांत होत्या. शेवटच्या मात्र थेट पहिल्यांसारख्या, भांडणाची सगळी जनुकं चालू असलेल्या.

नळ्यांची अदलाबदल झाली, दुसरं काय? माझाच वेंधळेपणा. स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या, त्याच तिन्ही वेळच्या राखीव नळ्या काढल्या आणि सगळं पुन्हा केलं. पहिली नळी बोटांत धरली तेव्हा अंगावर काटा आला. अक्काचं ते जुनं आजारपण माझ्या हातात पुन्हा जागं होत होतं.

निकाल तोच आला. नळ्या आधीही बरोबरच होत्या. मी घाबरले आणि संध्याकाळी तडक अक्काकडे गेले.

ती ओट्याशी चहा गाळत होती.

"अक्का, गोळ्या घेतेस ना?"

"आली पोलीसगिरी करायला." ती हसली. "कधीच सोडल्या. सारखी मेली मळमळ, कोण सोसणार? आणि भाडेकरू गेला गं. बघ ना, धडधाकट आहे मी."

"गेला नव्हता तो, अक्का. गोळ्यांनी नुसता दाबून ठेवला होता. आता पुन्हा उठलाय, मी पाहिलाय."

"तुझं आपलं काहीतरीच."

चहा कपाच्या बाहेर पडत होता. ओट्यावरून ओघळून तिच्या पायाशी थेंब थेंब सांडत होता आणि ती गाळतच होती.

"नुसती बोलत काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. "आधी दिवा लाव."

दिवा मी आले तेव्हापासून लागलेलाच होता.