पिंजार गल्लीची तहान

पिंजार गल्लीत यापुढं पाणी तुंबणार नाही, हे खोतवडी नगरपंचायतीनं संगणकावर सिद्ध करून दाखवलं. खरं म्हणजे असं काहीही सिद्ध झालेलं नाही, आणि त्याबद्दल हारतुऱ्यांचा जो कार्यक्रम झाला, तोही झालाच नाही असं समजा. फोटो आहेत, पण ते दुसऱ्या कशाचे तरी असणार.

मिस्बाह नगरपंचायतीत कंत्राटी इंजिनिअर. वडील मौला पिंजारी; गल्लीच्या उताराला त्यांचं गाद्यांचं दुकान. दरसाल गटार उलटायचं, कापूस भिजायचा, आणि फुगलेली गादी चौघांनी मयतासारखी उचलून उन्हात न्यायची. गटार रुंद व्हावं, एवढ्यासाठीच ती त्या नोकरीत टिकून होती.

तिनं संगणकात अख्खं गाव उभं केलं होतं. पण तिथलं पाणी खऱ्यासारखं वाहायला हवं. जमीन किती पिते, गटार किती वाहून नेतं, हे आकडे हातानं जुळवता जुळवता माणूस म्हातारा होतो. म्हणून तिनं प्रोग्रॅम लिहिला. शेजारच्या अण्णांच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक पाऊस कळवणार, गटारातलं यंत्र पाण्याची उंची कळवणार, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत प्रोग्रॅम आपला आपण आकडे फिरवत बसणार.

मेळ बसला. गल्लीची जमीन म्हणे इतकी तहानलेली, की ढगफुटी झाली तरी चूळ भरायला पाणी उरणार नाही. मुख्याधिकारी दिग्विजयसाहेब खूश झाले. पाणीच उरत नाही तर गटार कशाला, म्हणून त्यांनी रुंदीकरणाची फाईल बंद केली.

मौलांनी सगळं ऐकून गेल्या सालच्या पिवळ्या पडलेल्या कापसाकडं बोट दाखवलं. "ह्याला सांग, बाळा. ह्याला अजून कळलेलं न्हाई."

मिस्बाहनं नोंदी उघडल्या. ऐन उन्हाळ्यात, रोज दिवस उगवला की पाऊस. खाली गटार कोरडं ठणठणीत. त्या रोजच्या पावसापुढं वळवाच्या दोन सरींचं कोण ऐकतं? प्रोग्रॅम बहुमताबरोबर गेला होता: पाऊस रोज पडतो, गटारात येत नाही, म्हणजे जमीनच पिते.

सकाळी ती गच्चीवर गेली. अण्णा सूर्याला अर्घ्य देत होते. तांब्याची धार थेट पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात.

"अर्घ्याचं पाणी पायदळी येऊ नये गं," अण्णा म्हणाले. "नगरपंचायतीनं हे भांडं बसवलं, लय सोय झाली. त्यांचं पहिल्यांदाच कायतरी उपयोगी पडलं."

विनवण्या केल्यावर अण्णा तुळशीकडं सरकले. अर्घ्य वजा करून तिनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तशी संगणकातली पिंजार गल्ली गुडघाभर बुडाली. मिस्बाहला इतका आनंद कधी झाला नव्हता.

साहेबांना झाला नाही. "सरकारी नोंदीतलं पाणी असं वजा करता येत न्हाई, मॅडम. अण्णांनी ते कुणाला तरी दिलं म्हणता ना? मग ज्यांना दिलं त्यांची पोच आणा. फाईल लगेच उघडतो."

मिस्बाह जागेवर बसली आणि टाईप करू लागली:

"प्रति, मा. श्री. सूर्यनारायण. विषय: पाणी मिळाल्याची पोच देणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये, आपणांस अण्णांकडून दररोज सकाळी प्राप्त झालेल्या पाण्याची पोच कार्यालयीन वेळेत समक्ष उपस्थित राहून सही-शिक्क्यानिशी द्यावी, ही नम्र विनंती. पावसाळा तोंडावर असल्याने, कृपया ढग येण्यापूर्वी यावे."