चाळीस झाडं

टाचणी फोटोच्या पांढऱ्या कडेतून आत गेली, अर्जाच्या जाड कागदातून पलीकडे निघाली आणि परत वर आली. आपल्याच चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर आपण ही टाचणी खुपसतो आहोत, याचं तिला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. फोटोतली मुलगी समोर बघत होती. दीक्षा जानराव वानखडे, वय बावीस, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, पहिलं वर्ष पूर्ण. टाचणी तिरकी बसली होती. बाबा असते तर काढून सरळ लावली असती, ऑफिसातल्या माणसाची टाचणी कधी तिरकी बसत नाही म्हणाले असते... तिनं ती तशीच ठेवली.

"झालं का वो? गाडी निघून जाईन," आई दारातून म्हणाली.

"हाव."

हल्ली सगळ्याला हावच. जानेवारीत बाबा पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात डबा उघडायच्या आधी टेबलावरच गेले, त्यानंतर तिनं कुणाला नाही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. मोठे काका म्हणाले, बाबांच्या खात्यातल्या नोकरीसाठी अनुकंपाचा अर्ज भरून टाक, तुझ्या आईचं वय निघून गेलं आहे. हाव. कॉलेजातले सर फोनवर म्हणाले, सुट्टी वाया घालवू नकोस, सोमवारी आपली जीप धारणीला चालली आहे, महिनाभर जंगलात झाडांचे घेर मोजायचे, पुढच्या प्रबंधाचा पाया तयार होईल, येतेस ना? हो सर. जुईलीनं होस्टेलच्या ग्रुपवर विचारलं, सुट्टीत कोण काय करतंय. स्वतः ती जर्मन शिकत होती, कुणी पोहणं शिकत होतं. सगळ्यांच्या उत्तरांखाली दीक्षानं हसरा चेहरा टाकला होता. नोकरी लागली तर पुढचं वर्ष नाही, आणि वर्ष पुरं करायचं तर ही नोकरी कदाचित नाही. दोन्हींना हो म्हणून ती मधल्या जागेत उभी होती, आणि तिथे फारसं काही जाणवत नव्हतं. ऊनसुद्धा नाही. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, ज्याला लोक घाबरून दुपट्टे गुंडाळतात... मला ते नुसतं पांढरं दिसतं.

गाडीत आई खिडकीशी बसली. मूर्तिजापूर गेलं. आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली, दीक्षा प्यायली. पुढे केली नसती तर प्यायली नसती. बडनेऱ्याला उतरून त्यांनी अमरावतीचा ऑटो केला. साडेअकराला त्या बाबांच्या खात्याच्या तिथल्या मोठ्या ऑफिसाच्या जिन्यावर होत्या, आणि आई, जी या ऑफिसात कधी आली नव्हती, प्रत्येक मजल्यावर थांबून पदर सारखा करत होती.

आस्थापनेच्या टेबलावर ललिता मॅडम होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी नाव वाचलं आणि कागद बाजूला ठेवला.

"तुम्ही जानरावांच्या मिसेस? बसा ना ताई. अकोल्याचे कागद घेऊन दर महिन्याला यायचे ते. आणि ही दीक्षा!" त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू फार दिवसांची ओळख आहे. "तुझ्याबद्दल तर इतकं ऐकलंय. मागच्या उन्हाळ्यात तू त्यांना झाडं शिकवलीस ना? रोज सकाळी फिरायला नेऊन? चाळीस झाडं ओळखतो मॅडम मी आता, म्हणायचे. या खिडकीतून एकेक झाड दाखवून नावं सांगायचे आम्हाला. बॉटनीवाली आहे पोरगी, सुट्टी आपल्या बापासाठी खर्च करते म्हणायचे."

दीक्षानं मान हलवली. हो.

मग मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. नोकरी स्वीकारण्याचं संमतिपत्र, स्वतःच्या अक्षरात. मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना... त्या सांगत होत्या आणि ती लिहीत होती, आणि 'मी खाली सही करणार' इथपर्यंत अक्षर नीट आलं, आणि मग पेन थांबलं.

मागचा उन्हाळा. कूलरसमोरची सतरंजी, हातात फोन, अकरा वाजेपर्यंत झोप. बाबा पहाटे साडेपाचला बूट घालून दारात उभे राहायचे. "चालतं का बेटा? जरा फिरून येऊ. मले काई झाडंबिडं सांगजो." आणि ती उशीत तोंड खुपसून — उद्या, बाबा. उद्या नक्की. एकदा गेली होती. एकदाच, तेही फोनचं रिचार्ज मारायचं होतं म्हणून संध्याकाळी. रस्त्यात त्यांनी एका पिवळ्या फुलांच्या झाडाचं नाव विचारलं आणि तिनं स्क्रीनवरून डोळे न काढता सांगितलं, सोनमोहर. एक झाड. उरलेली एकोणचाळीस कुठून आली?

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही." पण पेन हलेना. सांगून टाकावं का यांना, की असं काही झालंच नव्हतं?... मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच कागद उलटा केला.

"हे बघ, बाकीचा अर्ज मी ठेवून घेते. हे पत्र सोमवारी आणून दे. घरी बसून लिही. यात स्वखुशीने असा शब्द आहे बेटा, तो माझ्यासमोर घाईत लिहू नकोस."

जिन्यावरून आई कुठल्याच मजल्यावर न थांबता उतरली. बडनेऱ्याच्या फलाटावर, परतीच्या गाडीला पाऊण तास असताना, बाकावर डबा उघडून तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "तुले जंगलात जाचं हाय का?"

हाव म्हणायला तोंड उघडलं होतं.

"मले मालूम नाई."

आईनं मान वळवून बघितलं.

"मंग नोकरी?"

"थेबी मालूम नाई. सोमवारी दोन्ही आहे, आई. मी दोघांनाही हो म्हटलंय." आणि मग, त्याचा या गोष्टीशी काय संबंध हे स्वतःलाही न कळता, तिचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. "बाबा खोटं काहून सांगत होते ऑफिसात? मी कुठं शिकवलं त्यांना काही? मी झोपून होती सगळा उन्हाळा!"

आईनं भाकरी परत डब्यात ठेवली. तिला धक्का बसलेला दिसला नाही.

"मले मालूम हाय तू झोपून होती. थे एकटेच जात. कोनाले तरी इचारत असतीन, नाईतर तुये पुस्तकं पाहत. येऊन मले सांगत, आज दीक्षानं हे झाड दाखवलं. मी आपली आयकून घेत होती."

"तू त्यांना म्हटलं नाही, की पोरगी तर आत झोपली आहे?"

"कायले म्हनू? खुश राहत होते माणूस."

फलाटाच्या पत्र्याखाली हवा थिजली होती. दीक्षाला एकाएकी उकडायला लागलं, मानेवरून, पाठीवरून घाम ओघळत होता. हा इतका वेळ होता की आत्ताच आला?... ती उठली, दोन पावलं गेली, परत आली.

"कोणती झाडं? काय नावं सांगायचे?"

"मले कुठं ध्यानात राहते?" आईनं डोळे बारीक केले. "एक... थे आपल्या शाळंच्या मांगं हाय ना मोठं, भिंतीले लागून. धावडा म्हनत थ्याले."

"धावडा?"

"हाव. धावडाच."

शाळेमागचं झाड. तिनं ते डोळ्यांसमोर आणलं. जाड खोड, भेगाळलेली काळपट साल, पावसाळ्यात खाली पडणारी पांढरी, लांब नळीची फुलं... धावड्याची साल गुळगुळीत असते, बाबा, पांढुरकी, आणि अकोल्याच्या शाळेमागे धावडा कुठून येईल, तो तर डोंगरावरचा. तुम्ही पुस्तकातलं चित्र बघितलं आणि खोडाला हात लावून बघितलंच नाही. ते आकाशनिंब आहे. आकाशनिंब, बुचाचं झाड. एवढं साधं. एकदा मी सोबत आले असते तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, सालीवरून हात फिरवून दाखवला असता, आणि तुम्ही महिनोन् महिने इतक्या लोकांना ते चुकीचं नाव...

"चूक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"ते नाव. चूक सांगत होते बाबा."

"असन," आई म्हणाली.

गाडीची घोषणा झाली, पंधरा मिनिटं उशीर. आईनं डबा बंद केला. दीक्षा उभीच होती, आणि तिच्याकडे ते बरोबर नाव होतं, ऐकणारं कुणी नसलेलं. आणि उरलेल्या अडतीस झाडांतली अजून किती चुकीची होती ते जाणून घेणं आता तिला हवं होतं, फार हवं होतं.